काळा रुमाल आणि डागी टक्का

वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावरचं हे प्रकरण. कंपनीचं, गावाचं आणि यंत्र विकणाऱ्याचं नाव देत नाही. हिशेब जुळेना म्हणून संचालक मंडळाने मला बोलावलं होतं, तेवढाच माझा त्यांच्याशी संबंध.

सोयाबीनच्या भावातली निम्मी भांडणं 'डागी'वरून होतात. काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की शेंगेतला दाणा काळवंडतो, त्यावर जांभळट किंवा तपकिरी डाग पडतात, आणि घेणारा तेवढंच धरून भाव पाडतो. ओलावा मोजायला मीटर आहे. काडीकचरा चाळणीने वेगळा करून तोलता येतो. डागी मात्र नजरेचा मामला. पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर पसरायचे आणि आकडा सांगून टाकायचा. समोरच्याशी आपलं जमतं की नाही, हेही त्या आकड्यात मिसळतंच. सभासदांची तक्रार हीच होती, आणि म्हणून कंपनीने फोटोवरून प्रत ठरवणारं यंत्र घेतलं.

यंत्र साधं होतं. लोखंडी स्टँड, त्यावर खाली तोंड करून बसवलेला मोबाइल, भोवती एलईडीची कडी, खाली स्टीलचा ट्रे. नमुन्याचे दाणे ट्रेमध्ये एकेरी थरात पसरायचे आणि बटण दाबायचं. मोबाइलमधलं न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांचे फोटो पाहून शिकलेला प्रोग्राम, अख्खा फोटो एकदम पाहायचं आणि पडद्यावर टक्के दाखवायचं: चांगला, डागी, हिरवा, फुटका. दाणे एकमेकांना चिकटून पडले की एकेक दाणा सुटा ओळखणं अवघड जातं, म्हणून बनवणाऱ्यांनी ती पायरीच गाळली होती. ही काटकसर पुढे महागात पडली. टक्के पटले नाहीत तर माल विकणारा म्हणायचा, 'पुन्हा लावा', आणि दाणे हलवून पुन्हा फोटो निघायचा. याला मर्यादा नव्हती. पारदर्शकता म्हणून ती मुद्दाम ठेवलेली सोय होती.

सुरुवातीचे काही आठवडे सगळे खूश होते. मग कंपनी जिथे माल पाठवायची, त्या प्लांटवरून पावत्या यायला लागल्या. प्लांटवर ट्रक उतरला की नमुना हाताने निवडतात आणि डागी दाणे तोलून टक्का काढतात. तो टक्का कंपनीच्या टक्क्यापेक्षा सारखा जास्त निघत होता, आणि कपात कंपनीच्या माथी बसत होती. एखाद्या ट्रकला झालं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं.

संशय आधी यंत्रावर बसणाऱ्या मुलीवर गेला. बारावी झालेली, गावातलीच. आपल्याकडे संगणक चुकला की संगणकासमोर बसलेला माणूस चोर ठरतो. तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "म्या काई केलं नाई, काका. मशीन सांगते तेच म्या लिवते. फोटो हायेत सारे, पाहून घ्या."

फोटो खरंच होते. प्रत्येक मोजणीचा फोटो यंत्राने वेळेसह आणि पावती क्रमांकासह साठवला होता. यंत्र विकणाऱ्याला तो नेटवर्कच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी हवा होता. उपयोग झाला तो चौकशीला.

फोटो ओळीने लावून पाहिले तर एक गोष्ट तांत्रिक ज्ञानाशिवायही दिसत होती. काही फोटोंत दाणे दुधाळ पिवळे, काहींत करपल्यासारखे. ट्रेची स्टीलची कड सगळीकडे तीच, पण ती कुठे पांढरीफक्क होती तर कुठे राखाडी. म्हणजे दाण्यांच्या आधी उजेड बदलत होता. आणि कड जिथे पांढरीफक्क होती, त्या बहुतेक फोटोंत ट्रेच्या शेजारी काहीतरी काळं पडलेलं होतं. बहुधा हात पुसायचा काळा रुमाल, कधी काळी पिशवी.

मोबाइलचा कॅमेरा उजेड स्वतः ठरवतो. चौकटीत काळं जास्त दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच चित्र उजळवतो. उजळलेल्या चित्रात दाण्यावरचा फिकट तपकिरी डाग पिवळ्यात विरून जातो. नेटवर्कपर्यंत डाग पोचतच नाही. आम्ही एक नमुना हाताने निवडून, तोलून घेतला आणि त्याच ट्रेचे फोटो रुमालासह आणि रुमालाविना काढले. दाण्याला हात लावला नव्हता, तरी रुमाल ठेवला की माल एक प्रत वर चढत होता.

हे शोधलं कुणी? खेडा खरेदी करणाऱ्या, म्हणजे गावोगावी फिरून माल घेणाऱ्या, एका गृहस्थांना विचारलं, तर त्यांनी काही लपवलं नाही. "रुमाल ठेवला का नंबर चांगला येते, एवढंच मालूम होतं भाऊ. काऊन येते ते तुमी सांगा." पहिल्यांदा रुमाल चुकून राहिला असेल, यावर माझा विश्वास आहे. दुसऱ्यांदा तो चुकून राहिला नाही.

संचालकांनी विचारलं, हा यंत्राचा दोष की हल्ला? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागतं.

2013 च्या अखेरीस संशोधक ख्रिश्चन सेगेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र निरीक्षण मांडलं. नेटवर्क जे चित्र बरोबर ओळखतं, त्यात माणसाच्या डोळ्याला दिसणारही नाही इतका बदल हिशेबाने केला, तर तेच नेटवर्क ठामपणे चुकीचं उत्तर देतं. पुढच्याच वर्षी इयन गुडफेलो, जोनाथन श्लेन्स आणि सेगेडी यांनी पांडाचं उदाहरण दिलं, जे आता प्रत्येक व्याख्यानात दाखवतात. नेटवर्क आधी 57.7 टक्के खात्रीने पांडा म्हणत होतं. प्रत्येक पिक्सेलचा आकडा जवळजवळ सर्वांत लहान पायरीएवढा सरकवल्यावर ते 99.3 टक्के खात्रीने गिबन, म्हणजे एक वानर, म्हणायला लागलं. माणसाला दोन्ही चित्रांत पांडाच दिसतो.

त्यांनी दिलेलं कारण आमच्या प्रकरणात थेट उपयोगी पडलं. 224 गुणिले 224 पिक्सेलचा रंगीत फोटो म्हणजे 1,50,528 आकडे. एकेक आकडा किंचित हलवला तर काही बिघडत नाही. पण सगळेच आकडे, ज्याचा त्याचा चुकीकडे नेणारा कल पाहून, एकाच वेळी किंचित हलवले तर ती बेरीज मोठी होते. कुठला पिक्सेल कुठे ढकलायचा हे ग्रेडियंट सांगतो, आणि ग्रेडियंट काढायला नेटवर्कचं पोट उघडून पाहावं लागतं.

केंद्रावर कुणी पोट उघडलं नव्हतं. पण ते उघडावं लागतंच असं नाही, हेही 2017 पर्यंत दाखवून झालं होतं. नेटवर्क पडद्यावर टक्के दाखवत असेल, तर चित्र थोडं बदलायचं, टक्का वर गेला की खाली ते पाहायचं, पुन्हा बदलायचं. अशा हजारो विचारण्यांतून ग्रेडियंटचा अंदाज बाहेरूनच बांधता येतो. 2018 मध्ये तर फक्त अंतिम उत्तर दिसलं, टक्के दिसले नाहीत, तरी हे जमतं असं सिद्ध झालं. विचारणी जास्त लागतात इतकंच.

आता केंद्रावरचं दृश्य पाहा. पडद्यावर चारही प्रकारांचे टक्के, दशांश चिन्हासह. 'पुन्हा लावा' म्हणायची मोकळीक. हंगामभर रोज येणारे विकणारे, संध्याकाळी पानठेल्यावर एकमेकांना आकडे सांगणारे, आणि प्रत्येक प्रतीमागे क्विंटलला खरे पैसे. प्रयोगशाळेत जे काम प्रोग्राम करतो ते इथे बाजार करत होता. कुणाला गणित येत नव्हतं, पण कुठल्या बाजूला सरकलं की टक्का कमी होतो हे सगळ्यांना मिळून कळत गेलं. माझ्या मते हा सरळ ॲडव्हर्सेरियल हल्ला, म्हणजे नेटवर्कला मुद्दाम चुकवणारा हल्ला, आहे. या विषयातली बरीचशी चर्चा डोळ्याला न दिसणाऱ्या बदलाभोवती फिरते, जणू हल्लेखोराने लपून राहायची शपथ घेतली आहे. जस्टिन गिल्मर, गुडफेलो आणि इतरांनी 2018 मध्येच यावर बोट ठेवलं होतं: खऱ्या हल्लेखोराला बदल छोटा ठेवायचं बंधन नसतं, त्याला फक्त चालून जाईल असं काहीतरी हवं असतं. काळा रुमाल चालून जातो. धूळ असते, हात पुसायला रुमाल लागतोच.

मंडळातल्या एका ज्येष्ठ संचालकांना हे पटलं नाही. रुमालाला हल्ला म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला चोर म्हणणं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा राग समजण्यासारखा होता, आणि त्या रागामुळेच आम्ही फोटो दुसऱ्या बाजूनेही पाहिले.

दुसरी बाजू जास्त वाईट निघाली. चौकटीत काळं आलं की चित्र उजळतं, तसं पांढरं आलं की काळवंडतं. शेडमध्ये जागा कमी पडली की स्टँड खतांच्या रिकाम्या पांढऱ्या पोत्यांवर ठेवला जायचा, आणि ट्रेच्या चारही बाजूंनी ते पांढरं पोतं चौकटीत यायचं. त्या दिवसांच्या फोटोंत स्वच्छ पिवळा दाणाही तपकिरी दिसत होता, आणि यंत्राने त्याला डागी धरलं होतं. हे सगळे लहान सभासदांचे चार-पाच कट्ट्यांचे माल. खेडा खरेदीवाला आकडा पटला नाही तर पाच वेळा पुन्हा लावायला सांगतो. ऑटोचं भाडं भरून आलेली एकटी बाई सांगत नाही. मशीनच म्हणते तर असेल, असं म्हणून ती पावती घेऊन जाते. नजरेने प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरशी ती भांडली असती.

नेटवर्क इतकं उजेडाच्या आहारी का गेलं, याचं उत्तर प्रशिक्षणात आहे. यंत्र विकणाऱ्याने शिकवायला वापरलेले फोटो जवळजवळ सगळे एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली काढलेले होते. ही चूक नवी नाही. पानांवरच्या रोगांचे 54,306 फोटो असलेल्या प्लांटव्हिलेज संचावर 2016 मध्ये नेटवर्कने 99.35 टक्के अचूकता गाठली होती. त्याच संशोधकांनी दुसऱ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले, तर ती 31 टक्क्यांच्या आसपास आली. पुढे 2022 मध्ये कुणीतरी त्याच संचातल्या फोटोंचे पार्श्वभूमीवरचे फक्त 8 पिक्सेल घेतले, पानाला हातही लावला नाही, आणि तेवढ्यावर 49 टक्के उत्तरं बरोबर आली. म्हणजे कुठल्या टेबलावर फोटो काढला यावरूनही रोग 'ओळखता' येत होता. यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातली अचूकता मी याच नजरेने वाचली.

पहिला उपाय तासाभराचा होता. कॅमेऱ्याचा उजेड आणि रंगाचा समतोल हाताने ठरवून कुलूपबंद केला, स्टँडला चारही बाजूंनी पत्रा लावला. रुमालाचा परिणाम संपला. यंत्र विकणारा म्हणाला, झालं.

माझं समाधान झालं नव्हतं. अमरावतीला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, याच गावच्या एका मुलाला मंडळाच्या परवानगीने कामाला लावलं. त्याला विचारलं, उजेडाला हात न लावता तू याला फसवू शकतोस का? ॲप मोबाइलमधून काढून उघडलं तर मॉडेलची, म्हणजे शिकलेल्या नेटवर्कची, फाइल आत उघडीच होती. त्याने संगणकावर ग्रेडियंट काढून फोटोत अदृश्य बदल केले आणि डागी माल पहिल्या प्रतीचा करून दाखवला. हे अपेक्षितच होतं, आणि केंद्रावर बिनकामाचंही. तिथे फाइल नाही, दाणे द्यायचे असतात, आणि दाणे प्रत्येक वेळी वेगळे पडतात.

पण ट्रेमध्ये लॉट क्रमांकाची चिठ्ठी ठेवायची पद्धत होती, आणि ती चिठ्ठी फोटोत यायची. टॉम ब्राउन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये असं एक स्टिकर दाखवलं होतं की ते केळ्याशेजारी ठेवलं तर नेटवर्कला केळं दिसेनासं होऊन टोस्टर दिसतो. चित्र काहीही असो, स्टिकर तेच चालतं. त्याच वर्षी अनीश अथल्ये आणि इतरांनी थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं कासव अनेक कोनांतून बंदूक म्हणून ओळखलं जातं हे दाखवलं. त्यांची युक्ती अशी की बदल शोधतानाच कोन, अंतर, उजेड यांचे अनेक फेरफार गृहीत धरायचे. मुलाने दोन्ही गोष्टी जोडल्या. चिठ्ठीएवढं रंगीबेरंगी नक्षीचं स्टिकर तयार करून तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून आणलं. पहिले छाप फसले, कारण छपाईत रंग मळकट होतात. छपाईत येणारे रंगच आधी मोजून घेतल्यावर जमलं. दाणे कसेही पसरा, कोपऱ्यात ती चिठ्ठी असली की डागी टक्का खाली यायचा.

अख्खा फोटो एकदम पाहून टक्का काढण्याची ती सुरुवातीची काटकसर इथे उघडी पडली. चित्राच्या एका कोपऱ्यातला जोरदार तुकडा संपूर्ण निकालावर स्वार होऊ शकत होता.

मग मंडळात स्वाभाविक प्रश्न आला: यंत्रालाच असे फसवे फोटो दाखवून शहाणं करता येणार नाही का? येतं, काही प्रमाणात. हीच पद्धत अलेक्झांडर मॅड्री यांच्या गटाने 2017 मध्ये नीट बांधली आणि ती आजही सर्वांत भरवशाच्या उपायांत मोडते. पण तिची किंमत त्यांच्याच आकड्यांत आहे. सीफार-10 या छोट्या चित्रांच्या संचावर साध्या नेटवर्कची अचूकता 95 टक्क्यांच्या घरात, असं शहाणं केलेल्याची 87, आणि जोरदार हल्ल्याखाली तीही 46 च्या आसपास. सोप्या बचावांची गत आणखी वाईट. 2018 मध्ये अथल्ये, निकोलस कार्लिनी आणि डेव्हिड वॅग्नर यांनी एकाच परिषदेत मांडलेले नऊ बचाव तपासले. त्यातले सात ग्रेडियंट झाकून ठेवण्यावरच उभे होते. सहा पूर्ण मोडले, एक अर्धवट. काही हजार फोटोंवर शिकलेल्या आणि एका मोबाइलवर चालणाऱ्या आमच्या यंत्राकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणं मला भाबडेपणाचं वाटलं, आणि मी तसं मंडळाला लिहून दिलं.

म्हणून बदल झाले ते बहुतेक यंत्राच्या बाहेर. पडद्यावरचे टक्के गेले. आता फक्त प्रत दिसते, टक्का पावतीवर छापून येतो. एका लॉटला एकच फेरमोजणी, आणि तीही पोत्यातून नवा नमुना काढून. नमुना आता माल विकणारा देत नाही, कंपनीचा माणूस पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढतो. चिठ्ठी ट्रेबाहेर गेली. ट्रेच्या कडेला एक राखाडी पट्टी कायमची चिकटवली आहे. फोटोत तिचा रंग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्र निकालच देत नाही. मॉडेलमध्ये एकच बदल यंत्र विकणाऱ्याकडून करून घेतला: फोटोच्या लहान लहान चौकोनांवर वेगवेगळा निकाल काढायचा आणि मधला आकडा धरायचा, म्हणजे एखाद्या कोपऱ्याला सगळ्यांवर कुरघोडी करता येणार नाही. शिवाय दिवसातले काही लॉट चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि ते हाताने निवडून तोलायचे. ज्या ग्रेडरच्या जागी यंत्र आलं होतं, त्यालाच या कामाला परत बोलावलं. यावर गावात बरीच थट्टा झाली.

एक युक्ती अजून सुटलेली नाही. दाण्यांना तेलाचा हलका हात लावला की चकाकी येते, आणि चकाकीखाली डाग झाकला जातो. फोटोत ते धरता येत नाही. बोटाला मात्र लगेच कळतं, म्हणून नळीने नमुना काढणाऱ्याला दाणे चोळून पाहायला सांगितलं आहे. ओलाव्याचंही तसंच: हमीभावाच्या खरेदीत 12 टक्क्यांची अट असते (नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली होती), आणि फोटोवरून ओलावा सांगतो म्हणणाऱ्या कुठल्याही ॲपला मी दारात उभं करणार नाही.

राहिला प्रश्न झालेल्या नुकसानीचा. नमुन्यांची पाकिटं कंपनीने जपून ठेवलेली नव्हती, फक्त फोटो होते. इथे स्टीलची कड कामाला आली. ती प्रत्येक फोटोत तीच असल्यामुळे तिच्या उजळपणावरून त्या क्षणी कॅमेरा किती सरकला होता हे मोजता येत होतं, आणि तेवढा फरक उलटा लावून फोटो पुन्हा यंत्राला देता येत होता. काळवंडलेल्या फोटोंना हे लागू पडलं. त्यांत दाण्यांच्या रंगातले बारीक फरक दबलेले होते, पण शाबूत होते. उजळलेल्या फोटोंना लागू पडलं नाही. तिथे पिक्सेल वरच्या टोकाला, 255 वर जाऊन टेकले होते, आणि एकदा सगळे 255 झाले की त्याआधी कोण डाग होता आणि कोण नव्हता हे कुठल्याच गणिताने परत मिळत नाही.

त्यामुळे पांढऱ्या पोत्यांच्या दिवसांत ज्यांची प्रत खाली गेली होती त्यांची यादी निघाली, आणि फरकाची रक्कम त्यांच्या खात्यावर जमा करण्याचा ठराव झाला. रुमालाच्या बाजूने ज्यांना जास्त मिळालं, त्यांच्याकडून किती वसूल करायचं याचा आकडाच निघत नव्हता. मंडळाने तो विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढच्या सभेतही तो पुढच्या सभेवर गेला.